मातीतल्या गाडीला पॉलिश

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण तू दचकू नकोस. या खेपेला माझी विनंतीही नाही आणि विशेषही काही नाही. आम्ही सगळे मजेत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी तुला जिना चढायची बंदी केली आहे असं तू मागच्या पत्रात कळवलंस, आणि ते पत्र माडीवरच्या खिडकीत बसून लिहिते आहे असंही त्याच पत्राच्या शेवटी कळवलंस. (म्हणजे बंदी डॉक्टरांनी केली, तू नाही, हे समजलं.) भाऊजींचा खोकला थांबला असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग, थांबला नसेल तर थोडं थांबून सांग. माझी प्रकृती ठणठणीत आहे. हात अजून थरथरत नाही, चष्म्याचा नंबर वाढला आहे असं तुझी भावजय म्हणते, पण तिला काय, ती काहीही म्हणते.

तर आता मुद्द्यावर येतो. तुझ्या भाचीला, म्हणजे आमच्या धाकटीला, पाणीखात्यात नोकरी लागली हे तुला फोनवर कळलंच आहे. (तू इतक्या जोरात ओरडलीस की मी फोन कानापासून लांब धरला तरी दुकानातल्या गिऱ्हाइकाने माझं अभिनंदन केलं.) काम असं की तुझ्या घराच्या वरच्या अंगाला डोंगरात जे ओढे आहेत त्यांच्या काठाला मोजपट्ट्या रोवलेल्या आहेत, त्या रोज फिरून वाचायच्या आणि पाणी किती चढलं, किती उतरलं ते कळवायचं. राहायला खात्याची खोली, तीही तुझ्या खालच्याच वळणावर. डांबरी रस्ता तुझ्या फाटकाशी संपतो, पुढे नुसते दगड, घसरडी माती आणि मध्येमध्ये ओढा. त्यामुळे खात्याची अट अशी की उमेदवाराकडे डोंगरात चालणारी स्वतःची मोटरसायकल हवी, तिची रीतसर नोंदणी झालेली हवी, विमा हवा, आणि हे सगळे कागद सोमवारी रुजू होताना टेबलावर ठेवायला हवेत. नाही ठेवले तर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला. धाकटी म्हणाली, बाबा, मी बघते. मी म्हटलं, तू खात्याचं प्रशिक्षण पुरं कर, कागदाचं मी बघतो; तीस वर्षं करंडकांवर नावं कोरताना क्लबांच्या चिटणीसांकडून कामं करून घेतलेला माणूस आहे मी, त्यांच्यापुढे सरकारी कचेरी म्हणजे काहीच नाही. आणि काळजीचं म्हणशील तर मला मुळीच काळजी वाटत नाही. मुलगी धडधाकट आहे, डोकं शांत आहे, ब्रेक कुठे असतो ते तिला माहीत आहे.

गाडी मिळाली ती चिखल्याकडून. हा चिखलातल्या शर्यती जिंकणारा माणूस, याचे सगळे कप मीच कोरले आहेत. यंदा त्याचा खुबा निखळला आणि बायकोने निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा त्याने गाडी आमच्या धाकटीला दिली. गाडी उत्तम, पण कायम मैदानात पळालेली, रस्ता म्हणून तिने पाहिलेला नाही. त्यामुळे तिची नोंदणी कधी झालीच नव्हती. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसे नाहीत, मागचा लाल दिवा नाही, नंबरप्लेट लावायला जागासुद्धा नाही. दोन चाकं, एक इंजिन आणि बाकी सगळ्याला नकार. हे सगळं बसवलं तरच तिला रस्त्यावरची गाडी मानतात. मग मी भंगारबाजार पालथा घातला. आरसे मिळाले. हॉर्न तुझ्या भावजयीने निवडला. तो एका मालट्रकचा आहे. मी म्हटलं एवढा मोठा कशाला, तर म्हणाली डोंगरात कोणाला ऐकू जायला नको का? (डोंगरात आहे कोण, हे मी विचारलं नाही.) दिवा मात्र मी निवडला. त्याच्या आतली वाटी पार काळवंडलेली होती. ती मी काढून घेतली आणि करंडकाचा आतला भाग करतो तशी, आधी खरखरीत, मग मऊ, मग नुसत्या बोटाने घासून चकचकीत केली. ताई, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण असा दिवा कारखान्यातूनही निघत नाही. दुकानात पेटवून पाहिला तर समोरच्या न्हाव्याने दाढी अर्धी टाकून खिडकी लावून घेतली.

आता विमा. विम्याशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय विमा नाही, असं मला चार जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. चौघेही थापाडे निघाले. गाडीच्या सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेला चासी नंबर असतो, त्यावर तात्पुरता विमा सरळ मिळतो. एजंटाचं ऑफिस एका चपलांच्या दुकानावर आहे, आत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि काचेच्या पेटीत एकटा मासा. एजंट मनुष्य भला, पण त्याच्या कॉम्प्युटरला आमची गाडी पटेना. शर्यतीची म्हटलं की तो नाही म्हणे, शेतीची म्हटलं की नांगर विचारी. मी म्हटलं पाणी मोजायला वापरणार आहोत, तर होड्यांचं पान उघडलं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ‘इतर’ असा एक कप्पा शोधला आणि त्यात ती बसवली. इथवर सगळं खेळीमेळीने चाललं होतं. मग त्याने विचारलं, गाडी चालवणाऱ्याला काही झालं तर वारस म्हणून कोणाचं नाव घालू? हे वाक्य पुरं व्हायच्या आत मी उभा राहिलो. म्हटलं, काही होणार नाही. तो म्हणाला, होणार नाहीच हो, पण झालं तर. मी म्हटलं, होणार नाही तर झालं तर कसं? तो म्हणाला, मग तुम्ही विमा कशाला काढता? मी म्हटलं, खात्याला कागद हवाय म्हणून. तो म्हणाला, आई किंवा वडील, एक नाव लिहू या. मी साफ नकार दिला. लेकीच्या नावापुढे असल्या रकान्यात माझं नाव? ताई, मी आयुष्यभर लोकांची नावं कोरत आलो, पण ती कपांवर. (मासासुद्धा काचेशी येऊन ऐकायला लागला होता.) अखेर एजंट रडकुंडीला येऊन म्हणाला, अहो, निदान जवळचं माणूस कोण ते तरी सांगा. मी म्हटलं, ती जिथे गाडी चालवणार आहे तिथून सगळ्यात जवळ माझी ताई राहते. त्याने ते लिहून घेतलं. त्याबद्दल खाली येईनच.

नोंदणीआधीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी धाकटी प्रशिक्षण आटपून घरी आली, आणि मी गाडीवर शेवटचा हात फिरवायला घेतला. आपल्या वडिलांचा नियम तुला आठवतच असेल: दुकानातून वस्तू बाहेर पडताना तिच्यात गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. शेजारणीने किल्ली फिरण्यापुरतं तेल घालायला आणलेलं कुलूपही त्यांनी पॉलिश करून परत दिलं होतं, आणि मग ते इतकं छान दिसायला लागलं की कोणीतरी कुलूपच चोरलं. मग मी काय लेकीची गाडी चिखलाच्या डागांसकट कचेरीत पाठवू? टाकी झाली, नळ्या झाल्या, चाकाच्या तारासुद्धा एकेक करून झाल्या. हँडल जिथे सांगाड्याला मिळतं त्या मानेवर मात्र काहीतरी खरवडल्यासारखं होतं. रंग उडालेला, आत चिखल बसलेला, वेडेवाकडे ओरखडे. मी हातातलं बफिंग मशीन लावलं आणि ते ओरखडे अगदी मुळापासून घालवले. मान अशी झाली की तिच्यात माझा चष्मा दिसायला लागला. इतक्यात धाकटी हातात चिखल्याने दिलेलं गाडीचं मूळ बिल घेऊन आली, मानेकडे पाहिलं, बिलाकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, बाबा, इथला नंबर कुठे गेला?

तूच सांग ताई, मला कसं कळावं? ज्याला मी ओरखडे समजलो तो चासी नंबर होता! एक आकडा इकडे कललेला, दुसरा तिकडे, मधलं अंतर कुठे फार तर कुठे नाहीच. असली अक्षरं मी उमेदवारीच्या पहिल्या वर्षी काढली असती तर वडिलांनी छिन्नी काढून घेऊन मला झाडू दिला असता. आता नंबर गेला म्हणजे विमा ज्या गाडीचा काढला ती गाडीच जगात उरली नाही. धाकटी टेलिफोन करायला आत गेली, कोणाकडे तरी चौकशी करते म्हणाली. मी म्हटलं यात चौकशी काय करायची, बिलावर नंबर छापलेला आहे, कोरणारा माणूस घरचा आहे. जुन्या जागेवर बफिंगने किंचित खड्डा पडला होता, म्हणून दोन बोटं खाली सपाट जागा घेतली आणि कोरायला बसलो. कसं कोरलं म्हणतेस! अजिंक्यपदाच्या करंडकाला वापरतो ते वळण, दोन्ही टोकांना एकेक पान, खाली दुहेरी रेघ. आणि आता जे लिहितो ते वाचून हसू नकोस. हाताला लय लागली होती. नंबर संपला, रेघ संपली, आणि तीस वर्षांच्या सवयीने हाताने आपणहून त्याखाली ‘विजेता’ असंही कोरलं. पुसायला गेलो, पण इतकं सुरेख जमलं होतं की जीव होईना. म्हटलं राहू दे, नंबर तर बरोबर आहे. धाकटीला दाखवलं नाही, वर फडकं बांधून ठेवलं. सकाळी आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

तो बसला. तपासणीचं आवार मोठं, टेम्पोंची रांग, आणि तपासनीस बाई हातात टॉर्च घेऊन एकेका गाडीभोवती फिरत होत्या. फार बोलत नाहीत, नुसतं हं म्हणतात. आरसे पाहून हं म्हणाल्या. हॉर्न दाबला आणि स्वतःच एक पाऊल मागे सरल्या. रांगेतले दोन टेम्पो बाजूला झाले. दिवा भिंतीवर पाडून पाहिला आणि म्हणाल्या, असा दिवा या आवारात आलेला नाही. मी म्हटलं, माझंच काम. मग त्यांनी फडकं सोडलं. त्यांनी नंबरावरून अंगठा फिरवला, पानावरून फिरवला, टॉर्च जवळ नेला आणि विचारलं, हे कोणी केलं? मी छाती पुढे काढून म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, विजेता कशात? मागे धाकटीने डोळे मिटून घेतले. बाईंनी मग शांतपणे सांगितलं की चासी नंबर खोडून नवा घालणं हे चोरीच्या गाड्यांचं लक्षण असतं, गाडी जप्त करावी लागेल, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ती इथेच राहील. अहवाल कधी येतो म्हणून विचारलं तर म्हणाल्या, सोमवारी नक्कीच नाही.

आता एक गोष्ट तुलाच सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगायची नाही. गाडी गेली म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे पोरगी घरी राहिली. क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. डोंगर नको, ओढा नको, ते एजंटाचं अर्धं वाक्यही नको. मग मी तिच्याकडे पाहिलं. गाडीच्या आरशावर आवारातली धूळ बसली होती, ती बाहीने पुसत होती. जप्त होणारी गाडी, ताई, आणि ती आरसा पुसत होती. अगदी वडिलांसारखी. मला माझी अशी लाज वाटली की काय सांगू.

मग मी तोंड उघडलं. म्हटलं बाई, जुने क्लब जुन्या ढाली घेऊन येतात, आधीच्या विजेत्याचं नाव घासून काढायला. कोरलेलं नाव घासलं की गेलं. पण ठोकून घातलेलं असलं तर वरून दिसेनासं होतं, तरी खालचा धातू दबलेला असतो, आणि तेजाब फिरवला की ते नाव भुतासारखं वर येतं. तुमचा नंबर ठोकलेला आहे, तो अजून आत आहे. बाई म्हणाल्या, ते मला माहीत आहे, बाटली माझ्या कपाटातच आहे, चोरीच्या गाड्यांचे नंबर मी तसेच वर आणते. प्रश्न तो नाही. प्रश्न असा की एवढा उद्योग करणाऱ्या माणसावर मी विश्वास का ठेवू? यावर मला उत्तर सुचेना. (तुझ्या भावजयीला हे सांगितलं तर ती बाईंना भेटायला जाईल.) तेव्हा धाकटी म्हणाली, चोराने खाली ‘विजेता’ कशाला लिहिलं असतं? बाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, आधी ते घासून काढा, माझ्यादेखत.

माझ्या हाताने काढलं, ताई. दोन्ही पानं, दुहेरी रेघ, सगळं. मग बाईंनी हातमोजे चढवून वरच्या जागेवर कापसाने औषध फिरवलं. आधी काहीच दिसेना. धाकटीने माझं मनगट धरून ठेवलं होतं, मला वाटतं मी मध्ये हात घालू नये म्हणून, पण बरं वाटलं. आणि मग ते वेडेवाकडे, गबाळे, दरिद्री आकडे एकेक करून वर आले. त्यांना पाहून मला इतका आनंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. बिलाशी ताडून पाहिले, सगळे जुळले. बाईंनी माझ्याकडून लिहून घेतलं की नंबर अज्ञानाने पुसला. मी म्हटलं ‘अज्ञानाने’ हा शब्द चालणार नाही, ‘उत्साहाने’ लिहा. थोडी घासाघीस होऊन ‘अति उत्साहाने’ वर मिटलं. नंतर कचेरीचे ठोकायचे ठसे आणून त्यांनी तोच नंबर पुन्हा नीट वाचता येईल असा ठोकला. तिसरा आकडा तिरका बसला. मी म्हटलं, मी सरळ करून देऊ का? त्या म्हणाल्या, तुम्ही हात खिशात घाला.

थोडक्यात, काम फत्ते. नोंदणी झाली, नंबरप्लेट लागली, विमा पक्का झाला, आणि सोमवारी धाकटी कागद टेबलावर ठेवील. कामं कशी करून घ्यावीत हे ज्याला कळतं त्याला काही अवघड नाही. तू निश्चिंत राहा, मी तर आहेच निश्चिंत. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्यांना आराम दे.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. सोबत विम्याचा एक कागद जोडला आहे. वारस आईवडिलांपैकी नसेल तर त्या माणसाची संमती मागाहून लागते म्हणे. खुणेच्या जागी सही कर आणि उलट टपाली पाठव. वर काय लिहिलंय ते वाचत बसू नकोस, मीही वाचलेलं नाही.

आणखी ता. क. आता पत्र लिहितोच आहे तर एक किरकोळ गोष्ट. तुझ्या माडीच्या खिडकीतून डोंगरातून उतरणारी वाट दिसते. संध्याकाळी एक दिवा खाली येताना दिसेल. ओळखायला कठीण नाही, एवढा लख्ख दुसरा दिवा त्या अख्ख्या डोंगरात नसणार. तो तुझ्या फाटकापुढून गेला की मला एक फोन लाव, दोनदा वाजू दे आणि ठेवून दे. मी उचलणार नाही, बोलायचं काही नाही, नुसता वाजला की झालं. रोज. धाकटीला यातलं काही कळू देऊ नकोस, तिला वाटेल बाप काळजी करतो. तुझ्या भावजयीलाही नको, कारण परवा तिने हॉर्न एवढा मोठा का निवडला ते मला आत्ता लिहिताना कळलं. सुरुवातीला विनंती नाही म्हणालो होतो. ही आहे. विशेष आहे.

आत्या, हे अक्षर माझं आहे. बाबांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, आणि पाकीट उघडंच होतं. (बाबा पाकीट चिकटवायचं कधीही विसरत नाहीत.) तू खिडकीसाठी जिना चढू नकोस. खालीच बस. तुझ्या फाटकाशी आले की मी आईचा हॉर्न वाजवीन, तो काकांच्या खोकल्यावरून सुद्धा ऐकू येईल. मग तू फोन लाव. दोनदा नको, उचलेपर्यंत वाजू दे. ते उचलतील.